युद्धात अडकलो तर: प्रवास विमा काय देतो आणि काय देत नाही



आजचा विषय जरा रुक्ष आहे. विमा म्हटलं की लोक घड्याळाकडे बघायला लागतात, हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण या धंद्यात माझी २२ वर्षं गेली. जनरल इन्शुरन्समध्ये मी क्लेम तपासायचो. म्हणजे तुम्ही पाठवलेले कागद ज्याच्या टेबलावर येतात आणि जो ठरवतो की पैसे द्यायचे की नाही, तो माणूस मी. निवृत्त झाल्यावर इथे बेंगळुरूत, मुलीजवळ जयनगरला राहतो. आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून लोकांना सांगतो, की बाबांनो, सही करण्याआधी हे वाचा.

सुरुवात एका रात्रीपासून करतो. २३ जून २०२५, सोमवार. रात्री अकराच्या सुमाराला माझ्या भाचीचा फोन आला. ती, जावई आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी जर्मनीहून परत येत होती. फ्रँकफर्टहून दोहा, दोह्याहून बेंगळुरू, असं एकच तिकीट. त्या संध्याकाळी कतारने आपली हवाई हद्द बंद केली आणि थोड्याच वेळात इराणने तिथल्या अल उदैद या अमेरिकी हवाई तळावर क्षेपणास्त्रं डागली. यांचं विमान वाटेतच वळवून दुसऱ्याच देशात उतरवलं होतं. विमानतळावर हजारभर माणसं, कुणाला काही सांगता येत नाही, पोरीचा कान दुखतोय, अंगात ताप. भाचीने एकच प्रश्न विचारला, "मामा, विमा आहे ना आपला?"

मी म्हटलं, "आहे." त्या वेळी मी आणखी काही बोललो नाही, पण मला माहीत होतं की हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं आज तुम्हाला सांगायचं आहे.

तुमच्याकडची कुठलीही प्रवास विमा पॉलिसी काढा. पुढच्या पानांवर काय काय मिळेल त्याची यादी असते: दवाखान्याचा खर्च, हरवलेलं सामान, हरवलेला पासपोर्ट, विमानाला उशीर. मागच्या पानांवर बारीक अक्षरांत अपवाद असतात. त्यात एक ओळ जवळजवळ सगळीकडे सापडते. युद्ध, परकीय आक्रमण, शत्रुत्वाच्या कारवाया, मग युद्ध जाहीर झालेलं असो वा नसो, यादवी, बंड, उठाव, लष्करी सत्ता, यांमुळे प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे झालेलं नुकसान भरून दिलं जाणार नाही.

यातले दोन शब्द नीट ऐका. एक, "जाहीर झालेलं असो वा नसो". म्हणजे कुठल्या सरकारने याला युद्ध म्हटलं की नाही, यावर काही अवलंबून नाही. आणि दुसरा, "अप्रत्यक्षपणे". क्षेपणास्त्र तुमच्या अंगावर पडायला हवं असं नाही. क्षेपणास्त्रामुळे हवाई हद्द बंद झाली, हद्द बंद झाली म्हणून विमान वळलं, विमान वळलं म्हणून हॉटेलात राहावं लागलं. हा खर्चही त्या अपवादात ओढला जाऊ शकतो.

लोक म्हणतात, ही विमा कंपन्यांची लबाडी. मी या धंद्यातला असूनही सांगतो, लबाड्या असतात, पण ही त्यातली नाही. विमा चालतो तो एका साध्या हिशोबावर. हजार लोक थोडे थोडे पैसे भरतात आणि त्यातल्या दहा जणांवर संकट आलं की त्यातून भरपाई होते. युद्धात एकाच दिवशी हजारच्या हजार माणसांवर संकट येतं. मग तिजोरीत काही उरत नाही. स्पेनच्या यादवी युद्धात शहरांवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा १९३७ मध्ये लंडनच्या विमा बाजाराने एकत्र बसून ठरवलं, की जमिनीवरच्या युद्धाचा धोका आपण घ्यायचा नाही. जहाजांच्या विम्यात युद्धाचं वेगळं दुकान तेव्हाही होतं, आजही आहे. पण घर, दुकान, माणूस यांच्या साध्या पॉलिसीतून युद्ध बाहेर गेलं ते गेलंच. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात मालाचा युद्धविमा सरकारलाच कायदा करून चालवावा लागला. १९६२ आणि १९७१ च्या वेळीही मालाच्या आणीबाणीतल्या धोक्यासाठी केंद्राने वेगळे कायदे केले. म्हणजे ही जोखीम घ्यायची तर ती सरकारच घेऊ शकतं, खासगी तिजोरीला ती पेलत नाही.

मग प्रश्न येतो, युद्धाच्या काळात प्रवास विमा निव्वळ कागदच का? नाही. इथेच लोकांची सगळ्यात मोठी चूक होते. दोन्ही बाजूंनी होते. काहींना वाटतं विमा आहे म्हणजे सगळं मिळेल. आणि काहींना एकदा नकाराचं पत्र आलं की वाटतं, युद्ध होतं, आता काहीच मिळणार नाही. दोन्ही चूक.

क्लेम तपासणारा एकच गोष्ट शोधत असतो: नुकसान कशामुळे झालं? युद्ध चालू असताना झालं का, हा प्रश्न नाही. युद्धामुळे झालं का, हा प्रश्न आहे. आमच्या भाषेत याला निकटचं कारण म्हणतात. तुम्ही युद्धाच्या दिवसांत अम्मानमध्ये आहात आणि तुमचं ॲपेंडिक्स फुटलं. ॲपेंडिक्सला युद्धाशी काही देणंघेणं नाही. तो दवाखान्याचा खर्च मागायचा, आणि ठामपणे मागायचा.

भाचीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ते तिघं अडीच दिवस उशिरा, २६ तारखेला पहाटे केंपेगौडा विमानतळावर उतरले. मग क्लेम टाकला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, सहा तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर मिळणारी ठरावीक रक्कम. दोन, तिकडच्या डॉक्टरने मुलीचा कान बघितला त्याचं बिल, आपल्या पैशांत साधारण १६ हजार. विमा कंपनीने, कंपनीचं नाव घेत नाही, एकाच पत्रात दोन्ही नाकारलं. कारण एकच: युद्धाचा अपवाद.

मी भाचीला म्हटलं, पहिल्या नकाराशी भांडू नकोस, तो करारात बसतो. दुसरा बसत नाही. सहा वर्षांच्या पोरीच्या कानात जंतुसंसर्ग झाला तो क्षेपणास्त्रामुळे नाही. आम्ही डॉक्टरच्या चिठ्ठीची प्रत जोडून, करारातलं कलम लिहून, अर्ध्या पानाचं पत्र पाठवलं. पाच आठवड्यांनी १०० डॉलरची वजावट कापून उरलेले पैसे आले. रक्कम फार नाही. पण ती आली, कारण दोन नुकसानं वेगळी करून मागितली. त्यांचं एकच गाठोडं करून दिलं असतं तर ते तसंच परत आलं असतं.

हॉटेलचं काय झालं? ते पैसे विमान कंपनीकडून आले, आणि ही आजची दुसरी महत्त्वाची गोष्ट.

परदेशात युद्धात अडकलेल्या माणसाला पैसे किंवा मदत मिळू शकते ती चार ठिकाणांहून. एक विमा कंपनी, दुसरी विमान कंपनी, तिसरं सरकार आणि चौथा तुमचा स्वतःचा खिसा. आपण करतो काय, तर चारही ठिकाणचं गाऱ्हाणं विमा कंपनीसमोर मांडतो. तिने नाही म्हटलं की घरी बसतो.

विमान कंपनीचं बघू. उड्डाण रद्द झालं, तर ते कशामुळे झालं याला परताव्यात महत्त्व नाही. सेवा दिली नाही, तर तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरं विमान, हा तुमचा हक्क. जे मिळत नाही ते म्हणजे वरची भरपाई, मनस्तापाचे पैसे. आपल्या डीजीसीएच्या नियमांत राजकीय अस्थिरता, यादवी, सरकारी आदेश अशा असाधारण परिस्थितीत भरपाईची जबाबदारी कंपनीवर नाही. पण भरपाई वेगळी आणि परतावा वेगळा. काउंटरवरचा मुलगा घाईत म्हणतो, "सर, वॉर सिच्युएशन है, कुछ नहीं मिलेगा." त्याच्या मनात भरपाई असते आणि आपण परतावाही सोडून देतो.

तिकीट एजंटकडून किंवा एखाद्या ॲपवरून काढलं असलं तरी आपल्या नियमांप्रमाणे परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, कारण एजंट हा तिचाच माणूस. परदेशी कंपनी असेल तर मात्र परतावा तिच्या देशाच्या नियमांनी होतो, हे लक्षात ठेवा.

युरोपातून निघणाऱ्या विमानाला युरोपीय संघाचा नियम लागू होतो, मग कंपनी कुठल्याही देशाची असो. तिथे असाधारण परिस्थितीतही जेवणखाण, राहणं आणि पुढचा प्रवास यांची सोय कंपनीनेच करायची असते. भाचीचा प्रवास फ्रँकफर्टहून सुरू झाला होता आणि तिकीट एकच होतं. पहिल्या रात्री कंपनीने हॉटेल दिलं. दुसऱ्या रात्री काउंटरवर एवढी गर्दी होती की यांनी स्वतःच खोली घेतली. मी फोनवर एकच गोष्ट दहा वेळा सांगितली होती: पावती घे. पाण्याच्या बाटलीचीसुद्धा. त्या पावत्यांवर दीड महिन्याने पैसे परत आले.

आणि तिकीट एकच होतं, हे फार महत्त्वाचं. आपण पैसे वाचवायला काय करतो? बेंगळुरू ते दोहा एक स्वस्त तिकीट, दोहा ते शिकागो दुसरीकडून दुसरं. एरवी चालून जातं. पण हवाई हद्द बंद झाली आणि पहिलं विमान चुकलं, की दुसरी कंपनी म्हणते, तुम्ही आलाच नाहीत. वाचवलेल्या दहा हजारांपायी लाखाचं तिकीट जातं. आखातातून जायचं असेल तर सगळा प्रवास एका तिकिटावर ठेवा. विशेषतः आईबाबा नातवंडांकडे एकटे जाणार असतील तेव्हा.

आता तिसरं ठिकाण, सरकार. माणसं सोडवून आणण्यात आपल्या देशाचा अनुभव मोठा आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते, त्यात कोकणातलीही कितीतरी घरं. ती माणसं वाळवंटातून जॉर्डनला, अम्मानला पोचली आणि तिथून एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं करून एक लाखावर लोकांना मुंबईला आणलं. येताना हातात एक बॅग. बँकेतली शिल्लक, घर, गाडी, थकलेला पगार, सगळं मागे.

त्या माणसांना भरपाई कुणी दिली? विमा कंपनीने नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये एक भरपाई आयोग नेमला आणि इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून पैसे वाटले. नुसतं देश सोडून यावं लागलं यासाठी एका माणसाला अडीच हजार डॉलर आणि कुटुंबाला पाच हजार. इतर प्रकारचे दावे सोडून दिले तर चार हजार आणि आठ हजार. भारतीयांचे अर्ज आपल्या परराष्ट्र खात्यामार्फत गेले. सगळ्या जगाचे मिळून ५२ अब्ज डॉलरहून अधिक वाटले गेले आणि इराकचा शेवटचा हप्ता भरून झाला तो २०२२ मध्ये. युद्धानंतर ३१ वर्षांनी.

यातून घ्यायचं काय? युद्धाची भरपाई आली तर सरकारांकडून येते, उशिरा येते आणि ज्याच्याकडे कागद आहे त्याला सोपी जाते. व्हिसाचं पान, नोकरीचा करार, पगाराची चिठ्ठी. जीव वाचवताना या गोष्टी कोण सांभाळणार? म्हणून आधीच फोटो काढून घरच्या कुणाकडे पाठवून ठेवायचे.

दुसरं उदाहरण आपल्या कर्नाटकातलं. एप्रिल २०२३. सुदानमध्ये १५ तारखेला लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली आणि खार्टूमचा विमानतळ त्याच दिवशी बंद पडला. तिथे अडकलेल्या भारतीयांत कर्नाटकातले हक्की-पिक्की समाजाचे लोक होते. हक्की म्हणजे पक्षी. पूर्वी पक्षी पकडणारा हा समाज आज जडीबुटीचं तेल विकायला आफ्रिकेतल्या देशांपर्यंत जातो. म्हैसूर, शिवमोग्गा, दावणगेरे या जिल्ह्यांतली ही माणसं दार्फुरमधल्या अल फाशेरसारख्या ठिकाणी खोल्यांत कोंडून पडली होती, अन्नपाणी संपत आलेलं. सरकारने 'ऑपरेशन कावेरी' केलं. आधी पोर्ट सुदानपर्यंत रस्त्याने, तिथून नौदलाच्या जहाजाने आणि हवाई दलाच्या विमानांनी जेद्दाला, जेद्दाहून भारतात. २८ एप्रिलला बेंगळुरूला जे विमान आलं त्यात ३६२ लोक होते आणि त्यात हक्की-पिक्की पुष्कळ होते.

पण उतरल्यावर त्यातल्या काहींना घरी जाता आलं नाही. पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून त्यांना बेंगळुरूतच रुग्णालयात विलगीकरणात ठेवलं. पीतज्वर म्हणजे यलो फीव्हर. त्याची लस एकदा घेतली की जन्मभर चालते, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. गोळीबारातून सुटून आलेल्या माणसाला घराच्या दाराशी एका कागदाने अडवलं. दोष कुणाचा हा आजचा विषय नाही. संकटात कागद जास्त लागतात, कमी नाही, एवढंच सांगायचं आहे.

सरकारच्या मदतीबद्दल आणखी दोन शब्द. दूतावासाकडे नाव नोंदवा. पर्यटक असाल तरी, देश जरा अस्वस्थ असेल तर, पोचल्या दिवशी नोंदवा. ज्याचं नावच यादीत नाही त्याला फोन कोण करणार? पासपोर्ट हरवला तर दूतावास भारतात परतण्यापुरतं आणीबाणीचं प्रमाणपत्र देतो, हे लक्षात असू द्या. दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, अडचणीतल्या गरीब माणसासाठी. मागायला लाजू नका.

आता चौथं. तुमचा स्वतःचा खिसा. यात पैसे येतात, पण पैशांपेक्षा मोठी एक गोष्ट येते, ती म्हणजे वेळ.

युक्रेनच्या तारखा सांगतो. १५ फेब्रुवारी २०२२ ला कीव्हमधल्या भारतीय दूतावासाने सांगितलं, ज्यांचं राहणं आवश्यक नाही, विशेषतः विद्यार्थी, त्यांनी तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा. २० तारखेला पुन्हा, जास्त स्पष्ट शब्दांत. २२ ला तिसऱ्यांदा: विद्यापीठ ऑनलाइन वर्ग घेणार की नाही याची वाट बघू नका, निघा. २४ ला पहाटे युद्ध सुरू झालं, हवाई हद्द बंद झाली. त्या दिवशी कीव्हकडे निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून परत फिरलं.

पहिल्या सूचनेपासून नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत विमानं चालू होती. मुलं का निघाली नाहीत? बेजबाबदार होती म्हणून नाही. तिकिटं महाग झाली होती. हजेरी बुडेल, वर्ष जाईल ही भीती होती. वडिलांनी कर्ज काढून पाठवलेलं. इकडे आईवडील म्हणत होते, थांब, बातम्यावाले वाढवून सांगतात. आपणही तेच म्हटलं असतं.

१ मार्चला खार्किव्हमध्ये आपल्या कर्नाटकचा, हावेरी जिल्ह्यातला, वैद्यकीय शाखेचा एक विद्यार्थी गोळाफेकीत गेला. खायला काही आणायला तळघरातून बाहेर पडला होता. दुसऱ्याच दिवशी दूतावासाने सांगितलं, खार्किव्ह ताबडतोब सोडा, गाडी मिळत नसेल तर चालत निघा. त्या मुलाचं पार्थिव बेंगळुरूच्या विमानतळावर आलं ते २१ मार्चला. तीन आठवडे. आईवडिलांनी नंतर त्याचा देह दावणगेरेच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला.

'ऑपरेशन गंगा'त सुमारे ९० विमानांतून साडेबावीस हजार लोक आले, एक पैसा न घेता. मोठंच काम झालं. पण सुटका सुरू झाली तेव्हा विमानतळ बंद होते, आणि त्या मुलांना थंडीत, रेल्वेने, बसने, कित्येक किलोमीटर चालत पोलंड, रुमानिया, हंगेरीच्या सीमा गाठाव्या लागल्या. विमान सीमेपलीकडे उभं होतं.

म्हणून मी माझ्या २२ वर्षांच्या नोकरीला न शोभणारी गोष्ट सांगतो. युद्धाच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी विमा म्हणजे लवकर निघणं. तो कुठलीही कंपनी विकत नाही. त्याचा हप्ता म्हणजे शेवटच्या घटकेच्या तिकिटाचे पैसे. परदेशात शिकणाऱ्या मुलाच्या खात्यात एका महागड्या परतीच्या तिकिटाइतकी रक्कम वेगळी ठेवा आणि त्याला सांगा, ही फीसाठी नाही, भाड्यासाठी नाही. दूतावासाने पहिल्यांदा 'विचार करा' म्हटलं, की मला विचारू नकोस, निघ. वर्ष बुडालं तर आपण बघून घेऊ. हे वाक्य आईवडिलांनी आधी बोलून ठेवायला हवं. त्या दिवशी फोनवर ते सुचत नाही. तहान लागल्यावर विहीर खणून पाणी मिळत नाही.

आता विमा घेताना काय बघायचं, ते थोडक्यात सांगतो. कागद-पेन घेतलं तरी चालेल.

पहिली गोष्ट. व्हिसासाठी घेतलेला विमा आणि स्वतःसाठी घेतलेला विमा एकच असतो असं नाही. शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं. आपण ती अट पुरी करणारी सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतो आणि फाइलला लावतो. तिने व्हिसा मिळतो. बाकी काय मिळतं ते बघितलेलंच नसतं.

दुसरी. अपवादांच्या पानावर 'युद्ध' हा शब्द शोधा आणि त्याच्या आजूबाजूची चार वाक्यं वाचा. काही पॉलिसींमध्ये, विशेषतः परदेशी कंपन्यांच्या, तुम्ही पोचल्यावर अचानक युद्ध सुरू झालं आणि तुमचा त्यात काही सहभाग नसेल, तर निघून जाण्यासाठी थोडे दिवस संरक्षण चालू राहतं. दहशतवादी हल्लाही काही ठिकाणी युद्धापेक्षा वेगळा मोजतात. आहे का, किती दिवस, कशासाठी, हे लेखी विचारा. ईमेलने. फोनवरचं आश्वासन क्लेमच्या टेबलावर पोचत नाही. मी तिथे बसत होतो, मला माहीत आहे.

तिसरी. विमा तिकिटाबरोबरच घ्या, बातम्या बघून नको. संघर्ष जगजाहीर झाल्यावर घेतलेल्या विम्यात त्या संघर्षामुळे रद्द झालेल्या प्रवासाचे पैसे मिळण्याची आशा धरू नका. आणि सरकारने "तिकडे जाऊ नका" असं सांगितलेलं असताना गेलात, तर पुष्कळ पॉलिसी तिथेच हात वर करतात. "आम्हाला भीती वाटली म्हणून रद्द केलं", हेही कारण सहसा चालत नाही.

चौथी. अडकून पडलात तर पॉलिसीची शेवटची तारीख बघा. मुदत वाढवायची ती संपायच्या आधी. अमेरिकेला सहा महिने राहून परतणाऱ्या आईबाबांची पॉलिसी बहुतेक परतीच्या तारखेलाच संपते. विमान चार दिवस लांबलं, तर ते चार दिवस रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी माणसं विनाविमा असतात. एक ईमेल, थोडे पैसे, काम होतं.

पाचवी. आयुर्विमा वेगळा. आपल्याकडच्या आयुर्विम्याच्या मूळ करारात सहसा युद्धाचा अपवाद नसतो, पण त्याला जोडलेल्या अपघात रायडरमध्ये असतो. आपली पॉलिसी काढून एकदा बघा, आणि ती कुठे ठेवली आहे ते घरच्यांना सांगा.

सहावी, अडकल्यावरची. विमान कंपनीकडून लेखी घ्या की उड्डाण का रद्द झालं. बोर्डिंग पास फेकू नका. पावत्यांचे रोज फोटो. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. थोडे डॉलर रोख, कारण युद्धात आधी एटीएम आणि नेट बंद पडतं. आणि गंमत म्हणून, व्हिडिओ काढायला म्हणून, खिडकीशी किंवा गच्चीवर जाऊ नका.

आणि शेवटची, क्लेम नाकारला तर. प्रत्येक नुकसानाचं कारण वेगळं लिहून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. बेंगळुरूत त्यांचं कार्यालय जे. पी. नगरला आहे. ५० लाखांपर्यंतचा वाद तिथे नेता येतो. फी नाही, वकील लागत नाही. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. पण तिथे जाताना रागाची फाइल नेऊ नका, तारखांची न्या.

माझी भाची परवा पुन्हा निघाली, या वेळी जावेकडे लंडनला. आदल्या रात्री फोन आला. "मामा, तिकीट एकच आहे. पॉलिसीचं मागचं पान वाचलं. प्रती तुमच्याकडे आणि आईकडे पाठवल्यात. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवलेत." मग म्हणाली, "आता विचारू? विमा आहे ना आपला?"

मी म्हटलं, "आता आहे."

तुमच्यापैकी ज्यांचं कुणी येत्या महिन्यात निघणार असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढं एकच करा. ती पॉलिसी काढा, शेवटची पानं उघडा, आणि निघणाऱ्या माणसाला शेजारी बसवून वाचा. अर्धा तास लागेल.